तीन गुंठे, अडीच एकर आणि एक मशीन

गेले तीन आठवडे माहेरच्या फोनवर एकच विषय आहे. लग्न नाही, वाटणी नाही, उसाचा दरही नाही. गवत कापायचं मशीन पेट्रोलचं घ्यायचं की बॅटरीचं! दादा पलूसजवळच्या आमच्या गावी, मी साताऱ्यात. त्याला अडीच एकराचे बांध साफ ठेवायचेत, मला घराभोवतीची तीन गुंठे जागा. आणि त्याच्या डोक्यात असं बसलंय की मशीन एकच घ्यायचं, निम्मे निम्मे पैसे घालायचे आणि लागेल तसं इकडून तिकडे न्यायचं. (हे वाचून तो चिडणार. चिडू दे. दादा, फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून इथे लिहितेय.)

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. एक मशीन दोन्हीकडे पुरणार नाही. साताऱ्याला बॅटरीचं. तिकडे पेट्रोलचंच, पण टू स्ट्रोक नाही, फोर स्ट्रोक. आणि आमच्या ओढ्याकडच्या बांधाला यातलं कुठलंच नाही. हा शेवटचा मुद्दा दादाला अजिबात पटलेला नाही.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: एक लांब दांडा, खालच्या टोकाला गरगर फिरणारं डोकं, त्याला एक तर लोखंडी पातं नाही तर नायलॉनची जाड दोरी. दुकानात ब्रश कटर म्हणतात, गावात ग्रास कटर, आमचे आप्पा नुसतं 'ते भुरभुरं' म्हणतात. दोरीची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस नावाच्या गृहस्थांना १९७१ साली सुचली. गाडी धुवायच्या केंद्रात फिरणारे ब्रश बघून त्यांना वाटलं, झाडाच्या बुंध्याभोवतीचं गवत असं का कापता येऊ नये? घरी येऊन त्यांनी पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली, त्यातून मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा फिरवून पाहिला. गवत कापलं गेलं! गंमत म्हणजे त्यांचा धंदा नाच शिकवण्याच्या वर्गांचा होता.

असो. आता सातारा आणि सांगली. एकेकाळी हा एकच जिल्हा. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली नाव मिळालं. पण गवताच्या बाबतीत हे दोन मुलुख वेगळेच होते आणि आहेत. माझं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या उतारावर. जूनच्या मध्यात पाऊस लागला की सप्टेंबर संपेपर्यंत गवत ओलंच. त्याची जात मऊ, वाढ मात्र अशी की पंधरा दिवस लक्ष दिलं नाही तर तुळशीवृंदावन दिसेनासं होतं. पलूसकडे पाऊस निम्म्यावर. तिथे गवत वाढतं ते पाटाच्या आणि ठिबकच्या पाण्यावर, बांधाच्या कडेने, वर्षभर. हराळी, लव्हाळा, कुंदा आणि काँग्रेस. जून झालेल्या काँग्रेसचं खोड बोटाएवढं होतं. त्याला दोरीने मारलं की दोरी तुटते, खोड तसंच उभं राहतं. तिथे पातंच लागतं आणि पात्याला ताकद.

दादाचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे हे मला मान्य आहे. नुसतं मान्य नाही, मी त्याचा हिशेबसुद्धा करून पाहिला. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते. छोटं टू स्ट्रोक इंजिन त्यातली जेमतेम पंधरा टक्के दांड्यापर्यंत पोचवतं, बाकी सगळी उष्णता, आवाज आणि धूर. म्हणजे कामाला आलं सव्वा-दीड युनिट. आता बॅटरी. मी बघितलेली बॅटरी ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवरची होती. गुणाकार केला तर १४४ वॅट-अवर, म्हणजे एका युनिटचा सातवा हिस्सा. मोटर पेट्रोल इंजिनच्या कितीतरी पटीने कमी ऊर्जा वाया घालवते, तरीसुद्धा एका लिटर पेट्रोलएवढं काम करायला असल्या दहा-अकरा भरलेल्या बॅटऱ्या लागतील. जोर लावून पातं चालवलं तर एक बॅटरी पंधरा-वीस मिनिटांत झोपते. अडीच एकराच्या बांधांवर माणूस काय बॅटऱ्यांचं पोतं घेऊन फिरणार?

पण हाच हिशेब उलटा वाचा. त्या दहा-अकरा बॅटऱ्या चार्ज करायला लागणारी वीज दोन युनिटच्या आत. युनिटला दहा रुपये धरले तरी वीस रुपये. पेट्रोल शंभरीच्या पुढे, वर त्यात घालायचं टू टी ऑइल वेगळं. माझ्या तीन गुंठ्यांत निम्म्या जागेवर फरशी आणि झाडं. उरलेलं गवत आठवड्याला वीस मिनिटांचं काम. एक बॅटरी! मग मी घरात पेट्रोलचा कॅन कशाला ठेवू? तेही स्वयंपाकघराला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत?

दादा म्हणतो, "बॅटरी तीन वर्षांत मरते." मरत नाही, म्हातारी होते. लिथियम बॅटरी काहीशे वेळा भरली-रिकामी झाली की तिची धारणशक्ती वीसेक टक्क्यांनी उतरते, आणि वापरली नाही तरी वयाने थोडी उतरतेच. पूर्ण भरून उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली तर लवकर. निम्मी भरून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवली तर उशिरा. खरी अडचण वेगळीच आहे, ती दादाच्या लक्षात आलेली नाही, म्हणून मीच सांगते. प्रत्येक कंपनीची बॅटरी त्याच कंपनीच्या मशीनला बसते. उद्या त्या कंपनीने ते मॉडेल बंद केलं की चांगलं मशीन असून आपण बसलो. औषध मारायच्या बॅटरी पंपाचं तसं नाही. त्यातली बारा व्होल्टची बॅटरी तासगावात, विट्यात, कुठेही मिळते, कुणाचीही बसते. म्हणून तर तो पंप इतक्या लवकर घरोघरी पोचला. हाताने दांडा मारायचा जुना पंप आता आमच्या गोठ्यात कोंबड्यांच्या खाली असतो.

आता टू स्ट्रोक. गावाकडे मिळणारं सगळ्यात स्वस्त मशीन म्हणजे ५२ सीसीचं टू स्ट्रोक. दादाने शेजाऱ्यांकडून एक दिवस मागून आणलं होतं आणि मी नेमकी माहेरी होते. चालू झालं आणि तो वास आला... लुना! आमच्या पिढीला वेगळं सांगायला नको. १९७२ साली अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कायनेटिकने काढलेली ती पन्नास सीसीची लुना. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मारून घ्यायचं आणि निळा धूर सोडत जायचं. तिच्यावर आप्पा, आई, दादा आणि टाकीवर मी अशी वरात मी अनुभवलेली आहे. गवत कापायच्या मशीनचं इंजिन म्हणजे जवळजवळ तेच, फक्त खांद्याला अडकवलेलं.

टू स्ट्रोकमध्ये नवीन पेट्रोल आत येतं तेव्हाच जळका धूर बाहेर जात असतो. दोन्ही दारं एकदम उघडी. त्यामुळे पाव भागाच्या आसपास पेट्रोल न जळताच निघून जातं, ऑइलसकट, आणि मशीन खांद्यावर असल्यामुळे आधी आपल्या नाकात. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा एक दाखला वाचला होता. पालापाचोळा उडवायचा पेट्रोलचा ब्लोअर (तसलंच छोटं इंजिन) एक तास चालवला तर धुरकं करणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं एक आधुनिक कार अकराशे मैल चालवल्यावर होतं. म्हणजे साताऱ्याहून निघून दिल्ली ओलांडून पुढे! त्यांनी २०२१ मध्ये कायदाच केला आणि २०२४ पासून असली छोटी इंजिनं नवीन विकायला बंदी घातली. आपल्याकडे असा कायदा यावा असं माझं म्हणणं नाही. उद्या आला तर पलूसच्या शेतकऱ्याने करायचं काय? पण धूर तो धूरच.

आणि लुनाचं पुढे काय झालं? २०२४ च्या फेब्रुवारीत ती परत आली, विजेची होऊन. दादा, बघ. :)

आवाजाचं मात्र मी गमतीवारी नेणार नाही. कारण दादा कितीही म्हणाला 'मी चालवणार', तरी मशीन आप्पाच चालवणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. दादा सकाळी आठला नोकरीवर जातो. आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे, स्वस्थ बसणार नाहीत. आणि आप्पांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. तरुणपणी बारा-तेरा हंगाम गुऱ्हाळावर इंजिनाशेजारी काढलेत, तेव्हा कानात बोळा घालायचं कुणाला माहीत होतं? टू स्ट्रोक ब्रश कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या आसपास जातो. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेचा हिशेब असा, की ८५ डेसिबलला आठ तास चालतील आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभरला किती उरतात? पंधरा मिनिटं. त्या दिवशी मागून आणलेलं मशीन आप्पांनी चाळीस मिनिटं चालवलं. नंतर चहाची बशी धरली तर बशी वाजत होती. हाताचा थरकाप अर्ध्या तासाने गेला. "काय झालंय, नवीन आहे म्हणून," असं म्हणाले आणि आईने माझ्याकडे बघितलं.

कानावर बसणारे मफ घ्या, असं दुकानदारही सांगतो. घ्यायचेच. पण मग दुसरी पंचाईत. आमच्या बांधावर घोणस निघते. दर दोन-तीन वर्षांनी एक तरी. घोणस आधी कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, सावध करते. कान झाकलेत आणि इंजिन भुरभुरतंय, तर ते ऐकू येणार कुणाला? तरी विळ्यापेक्षा मशीन बरं, हेही खरं. विळ्याने कापताना हात गवतात असतो, मशीनला निदान दीड मीटरचा दांडा तरी असतो. पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेतच, डोळ्याला चष्माही. दोरीने उडालेला खडा गोफणीतल्यासारखा जातो. आणि काँग्रेस असेल तर तोंडाला फडकं बांधा. दोरी त्याचा कापत नाही, भुगा करते. तो भुगा आणि परागकण गळ्यावर बसले की आठ दिवस खाज.

म्हणून तिकडे फोर स्ट्रोक. पस्तीस सीसीच्या आसपासचं मिळतं. साधं पेट्रोल, ऑइल वेगळ्या कप्प्यात, धूर पुष्कळ कमी, आवाजही थोडा खालच्या पट्टीतला. सगळ्यात स्वस्त टू स्ट्रोकच्या दुप्पट-तिप्पट किंमत आहे आणि दादाचं घोडं तिथेच अडलंय. माझं म्हणणं, बहिणीचे निम्मे पैसे साताऱ्याच्या मशीनला जाणार असले तरी त्या फरकातले थोडे मी देईन. कान आप्पांचे आहेत, फक्त तुझे आप्पा नाहीत ते.

पेट्रोलबद्दल आणखी एक, हे खास आपल्या भागाचं. पंपावर मिळणारं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. ते इथेनॉल बऱ्याच अंशी आपल्याच उसाचं, सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांमागच्या डिस्टिलऱ्यांतलं. उसाला पैसे मिळायला त्याची मदत होते, मला त्यात आनंदच आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी रोज चालते, तिला फारसा फरक पडत नाही. गवताचं मशीन दिवाळीनंतर खुंटीला लागतं ते थेट जूनमध्ये उतरतं. टाकीत राहिलेलं पेट्रोल तोवर खराब, पाणी जास्त झालं तर थर वेगळे, कार्बोरेटरमध्ये चिकटा, रबरी नळ्या कडक. मग दोरी ओढून ओढून दंड भरून येतात आणि मशीनला शिव्या. उपाय साधा आहे: ठेवताना टाकी रिकामी करायची आणि उरलेलं पेट्रोल संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. आमच्या घरात हे कुणी लक्षात ठेवेल का, ते तुम्हीच ओळखा.

एकच मशीन इकडून तिकडे न्यायची दादाची कल्पनाही इथेच पडते. मी माहेरी जाते ती कोयना एक्सप्रेसने, किर्लोस्करवाडीला उतरते. पेट्रोल भरलेलं मशीन ना रेल्वेत चालतं ना एसटीत. टाकी रिकामी केली तरी वास जात नाही. बॅटरीचं मात्र दांडा उघडून पोत्यात घालून नेता येईल, पण तिथे त्याचा उपयोग नाही. झालं!

किर्लोस्करवाडी म्हटल्यावर एक सांगायचा मोह होतोय. 'गावातल्या माणसाला नवीन यंत्र पटत नाही' असं वाक्य माझ्या नवऱ्याने परवा टाकलं (तो साताऱ्याचा, त्याच्या मते कऱ्हाडच्या पुढे सगळं गाव). लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग १९०३ साली लोखंडी नांगर. तो नांगर सुरुवातीला खपेना, कारण लोखंडाने जमीन विषारी होते असा समज होता. हे सगळे सांगतात आणि हसतात. पण १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना आला आणि पुढे तोच नांगर घराघरात गेला, तो काही शेतकऱ्याला भाषण देऊन नाही. नांगर खोल गेला, मोडला तर फाळ बदलून मिळाला, म्हणून गेला. दादाचा पेट्रोलचा हट्टही मुळात तोच आहे. आमच्या चौकातला मोटारसायकलवाला प्लग, कार्बोरेटर, क्लच डोळे मिटून बघतो. बॅटरीतलं सर्किट गेलं तर तो काय करणार? हट्टाला कारण आहे. साताऱ्यात मला दुकान पायी पाच मिनिटांवर आहे, म्हणून मला ती काळजी नाही, एवढाच फरक.

पेट्रोल का बॅटरी या भांडणात एक तिसरा भिडू गुपचूप बसलेला असतो. तणनाशक. ओळखीचा जो तो सांगतो, "कशाला एवढी कटकट, दोन पंप मारून टाका." ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंध घातले होते, तरी बांधावर ते मारू नये यामागचं माझं कारण कायद्याचं नाही, बांधाचं आहे. कापलेल्या गवताची मुळं जिवंत राहतात, माती धरून ठेवतात. तणनाशकाने मूळच मरतं. वळवाच्या पहिल्या सरीत तो बांध खचतो आणि पुढच्या वर्षी दोन भाऊ सरकलेल्या दगडावरून तलाठ्याकडे जातात. आमच्या शिवारात असे दोन बांध आहेत, नावं कशाला घेऊ. त्यापेक्षा धुराचं टू स्ट्रोकसुद्धा परवडलं.

आता ओढ्याकडचा बांध. तिथे हराळी आणि मऊ पवन्या येतो, काँग्रेस जवळजवळ नाही. तो बांध गेली अठरा-वीस वर्षं एक मावशी कापतात. पैसे घेत नाहीत आणि आम्ही देत नाही. गवत त्यांचं, साफ बांध आमचा. कधी ठरलं, कुणी ठरवलं, लिहिलेलं काही नाही. त्यांच्याकडे एक म्हैस आणि रेडकू, जमीन नाही. दूध डेअरीला जातं. मशीन मागून आणलं त्या दिवशी त्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या. दादाने हौसेने दोरी लावून पाच-दहा फूट मारून दाखवलं. मावशी खाली वाकल्या, मूठभर उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "ताई, ह्याला राकेलचा वास येतोय. म्हस तोंड लावायची न्हाई."

खरंच लावायची नाही. विळ्याने कापलेलं गवत पेंढीत बांधता येतं, सगळी ताटं एका दिशेला. दोरीने मारलेलं म्हणजे भुस्सा, मातीत मिसळलेला, वर ऑइलचे तुषार, आणि झिजलेल्या दोरीचे नायलॉनचे बारीक तुकडे. पातं लावलं तर गवत थोडंफार सरळ पडतं, बॅटरीच्या मशीनला तेलाचा वासही नाही, म्हणजे निदान तोडगा निघेल असं मला आधी वाटत होतं. पण प्रश्न वासाचा नाहीच. मशीन सगळा बांध तासाभरात एकदम पाडतं. मावशी रोज एक भारा नेतात, म्हशीला पुरेल एवढाच, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला परत हिरवं आलेलं असतं. एकदम पाडलेलं गवत दोन दिवसांत वाळून जाणार. मग उरलेले दिवस म्हशीने काय खायचं? विकतचा ओला चारा भाऱ्याच्या भावाने घ्यायचा म्हटलं तर दुधाचे पैसे त्यातच.

दादा म्हणतो, "तिला पैसे देऊ की रोजाचे, दुसऱ्या कामाला येईल." भांगलणीला बायका मिळत नाहीत हे खरं आहे आणि मशीन घ्यायची वेळ त्यामुळेच आली, हेही खरं. पण मावशी साठीच्या पुढच्या. त्यांना रोजावर दिवसभर वाकून भांगलण होणार नाही. सकाळचा एक भारा होतो. आप्पा या विषयावर काही बोलत नाहीत, फक्त आईला म्हणाले, "ओढ्याकडं मशीन न्यायचं न्हाई म्हणून सांग त्याला." दादाने ते ऐकलं, 'बघू' म्हणाला. आमच्याकडे 'बघू' याचा अर्थ नाही असाही होतो आणि हो असाही.

सध्याची स्थिती अशी. साताऱ्याचं बॅटरीचं मशीन मी येत्या रविवारी घेणार, जादा बॅटरी न घेता. तिकडचं फोर स्ट्रोक दसऱ्याच्या आत घ्यायला दादा तोंडी तयार आहे, पण त्याने अजून टू स्ट्रोकवाल्याचा नंबर फोनमधून काढलेला नाही. वहिनीने बघून सांगितलं मला. तुमच्यापैकी कुणी बॅटरीचं मशीन चार-पाच पावसाळे वापरलं असेल तर एवढंच कळवा: पहिल्या वर्षी एका चार्जिंगमध्ये किती मिनिटं चालायचं आणि आता किती चालतं?